खंडेनवमीला घरी येणारी हत्यारं

लग्न होऊन मी नाशिकहून बडोद्याला आले, तेव्हा निजामपुऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बैठक नव्हती, भिंतभर लोखंड होतं. आलेल्या पाहुण्याला त्या लोखंडाला वळसा घालूनच आत यावं लागे. माझ्या वडिलांनी पहिल्या भेटीत ती भिंत पाहिली आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “तुझे सासरे रेल्वेतच आहेत ना नक्की?”

सासरे रेल्वेतच होते. प्रतापनगरच्या वर्कशॉपमध्ये, हत्यारं बनवायच्या खात्यात. त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि त्यांची तलवार अजून घरात होती. तिने भोपळासुद्धा कापला नसता, पण सासूबाई ती वर्षातून एकदा चिंचेने घासून लख्ख करत. मामंजींना तलवारीचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव होता जुन्या विलायती मोटारसायकलींत.

बडोद्यात त्या पुष्कळ होत्या. संस्थान गेलं, मग मुंबई राज्य आलं, मग गुजरात झालं; साहेब लोक गेले, अधिकारी म्हातारे झाले, पण त्यांनी हौसेने आणवलेल्या मोटारसायकली इथेच कोणाच्या पडवीत, कोणाच्या जिन्याखाली राहिल्या. त्यांची मापं जुन्या इंग्रजी पद्धतीची. बाजारातला पाना त्यांना एक तर बसत नसे, नाहीतर बसून घसरत असे. इंजिन उघडायची खास हत्यारं फक्त कंपनीच्या एजंटांकडे असत आणि एजंटांनी कधीच गाशा गुंडाळला होता. मग मेकॅनिक काय करणार? छिन्नी लावणार आणि हातोडा घालणार. आमच्या घरात छिन्नी हा शब्द शिवीसारखा होता. जेवताना कोणी उच्चारला तर मामंजी घास खाली ठेवत.

म्हणून त्यांनी ती खास हत्यारं स्वतःच बनवली. भंगारबाजारातून पोलाद विकत आणायचं, मकरपुऱ्यातल्या कोणा ओळखीच्याच्या लेथवर ते कातून घ्यायचं आणि रविवारभर कानशीने घासत बसायचं. एकेका हत्याराला वर्ष जाई. त्या सगळ्यांत मानाचा होता मॅग्नेटोचं गियर काढायचा पुलर. मॅग्नेटो म्हणजे जिथे ठिणगी तयार होते तो भाग. त्याच्या दांड्यावर एक गियर इतकं घट्ट बसलेलं असतं की ते हाताने हलत नाही. हा पुलर गियरच्या आट्यांवर चढवायचा आणि त्याचा मधला बोल्ट हळूहळू फिरवायचा. बोल्ट दांड्यावर रेटा देतो आणि गियर आपोआप बाहेर येतं. मामंजी त्याला जावई म्हणत. कारण काय, तर मुलीला माहेरून न्यायची पण आदळआपट न करता. हा विनोद ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत आणि सासूबाई प्रत्येक वेळी आतून म्हणत, “झालं का सांगून?”

हत्यारं कोणालाही मिळत. शहरभरातून माणसं येत. वाडी भागातले मेकॅनिक, एक निवृत्त मामलेदार, दोन-तीन हौशी पोरटे. दिवसा मामंजी कामावर, त्यामुळे देणंघेणं सासूबाईंकडे. “बेस ना, चहा मूकते,” असं म्हणून त्या येणाऱ्याला बसवत. (बडोद्याच्या मराठीत चहा टाकत नाहीत, मूकतात. मी ही भाषा आणि वरणातला गूळ, दोन्ही सुरुवातीला मोठ्या कष्टाने गिळलं.) मग गाडी कुठली, काय बिघडलं ते विचारून भिंतीवरून बरोबर ते हत्यार काढून देत. अनामत नाही, भाडं नाही. अट एकच होती. अष्टमीच्या संध्याकाळी प्रत्येक हत्यार घरी आलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. फौजी घरातली शस्त्रपूजा आमच्याकडे मामंजींच्या हत्यारांची व्हायची. पाटावर मधोमध ती बिचारी तलवार आणि भोवती पाने, पुलर, क्लच धरायची जोखडं, कुठल्या तरी स्प्रिंगा दाबायचे चिमटे. अष्टमीला आमच्या ओसरीवर जी गर्दी होई ती पाहण्यासारखी असे. बडोद्यातली नवरात्र, अर्धी माणसं गरब्याला निघालेली. केडियू म्हणजे गरब्याचा घेरदार अंगरखा घातलेला, डोक्याला फेटा बांधलेला एखादा इसम खिशातून ऑइलच्या फडक्यात गुंडाळलेला पाना काढून सासूबाईंच्या हातात देई आणि चिवड्याची बशी घेऊन पायरीवर बसे. नवमीला पूजा, आणि दसऱ्याच्या दुपारी मामंजी प्रत्येक हत्यार फडक्याने पुसून, ऑइलचा हात फिरवून पुन्हा ज्याला हवं त्याला देत. म्हणजे पूजा एका रात्रीची. ही गोष्ट तेव्हा कोणाच्या ध्यानात आली नव्हती, माझ्या तर नाहीच.

मामंजी गेले ते थोडक्या आजारात. जायच्या आधी त्यांनी स्वतःची मोटारसायकल आमच्या गल्लीतल्या दाक्तरांना देऊन टाकली. दाक्तर म्हणजे दातांचे डॉक्टर, गुजराती, वयाने माझ्या नवऱ्याएवढे, आणि मामंजींचे पट्टशिष्य. माझ्या नवऱ्याने आयुष्यात कधी स्कूटरचा प्लगसुद्धा साफ केला नाही, त्यामुळे त्याला वाईट वाटायचं कारण नव्हतं. सासूबाईंनीही मान डोलावली. गाडी गेली म्हणून त्या रडल्या नाहीत. दाक्तर रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून तिच्यावरून घरी जात, तिचा धडधड आवाज कोपऱ्यावर आला की सासूबाई चहाचं आधण ठेवत. तो आवाज म्हणजे त्यांचं घड्याळच होतं.

हत्यारांचं मात्र त्यांनी काहीतरी वेगळंच मनात घेतलं. वर्षश्राद्धानंतर आलेल्या पहिल्या खंडेनवमीला त्यांनी भिंत रिकामी करून सगळी हत्यारं पाटावर मांडली, पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली. दसऱ्याला माझ्या नवऱ्याने फडकं घेतलं तर त्यांनी ते काढून घेतलं. “पुसू नको. आता ही पूजा मोडायची नाही.” मग आपलं धुवट मऊ लुगडं फाडून त्यांनी एकेक हत्यार त्यात गुंडाळलं, हळदकुंकवासकट, आणि मामंजींच्या लोखंडी पेटीत ठेवून कुलूप घातलं.

मी म्हटलं, “आई, लोक मागायला येतील.”

“येऊ देत. नाही म्हणून सांग.”

“अहो, पण मामंजींनी ती—”

“माणूस गेलं,” त्या म्हणाल्या. “आता लोखंड तरी घरात राहू दे. एखाद्याने हरवलं, मोडलं, तर मी कोणाकडून करून घेऊ?”

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला खोटी कारणं सांगून कंटाळले. लोक एकदा आले, दोनदा आले, मग यायचे थांबले. दाक्तरांनीही एकदाच विचारलं आणि नाही म्हटल्यावर पुन्हा तो विषय काढला नाही. पुढच्या खंडेनवम्यांना सासूबाई पेटी उघडतसुद्धा नसत. पेटीलाच गंध, पेटीलाच फूल. अष्टमीला ओसरीवर कोणी नसे आणि चिवडा आम्हीच दिवाळीपर्यंत खात असू.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात तो संध्याकाळचा आवाज बंद झाला. दोन दिवस सासूबाईंचं चहाचं आधण चुकलं. तिसऱ्या दिवशी दाक्तर पायी जाताना दिसले तशी त्यांनी हाक मारली.

“काय रे दाक्तर, गाडी काढत नाहीस हल्ली?”

“काकी, गाडी तो ऊभी छे.”

“उभी छे म्हणजे? काय झालं तिला?”

दाक्तर चप्पल काढायचं निमित्त करून खाली वाकले. “मॅग्नेटो गया. गियर काढल्याशिवाय तो उघडत नाही. मेकॅनिक म्हणे छिन्नीने काढून देतो. मी म्हटलं, रेवा दे. उभी राहील तर राहील, छिन्नी नको लावू.”

“मग मला सांगायचं नाही?”

“तुम्हाला शुं तकलीफ देवी, काकी.”

ते गेल्यावर सासूबाई ओसरीवरच बसल्या. मामंजींची गाडी बंद पडली होती, ती चालू करायचं हत्यार आपल्या पलंगाखाली आहे आणि कुलपाची किल्ली आपल्याच कमरेला आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी आत भाकऱ्या थापत होते. थोड्या वेळाने पेटी ओढल्याचा आवाज आला.

झाकण निघेना. मी आणि त्यांनी मिळून ते उचकटलं तेव्हा दमट हळदीचा आंबूस वास आला. लुगड्याच्या पट्ट्या लोखंडाला चिकटल्या होत्या. सोडवायला गेलं तर तांबडी पूड हातात येत होती, आणि ते कुंकू नव्हतं. पाण्याचे शिंतोडे, ओली हळद, सुकलेली फुलं, आणि वर बडोद्याचे पावसाळे. सगळं आत कोंडलेलं. पान्यांच्या तोंडांवर खड्डे पडले होते. सासूबाईंनी शेवटी पुलर उघडला. त्याच्या मधल्या बोल्टाचे आटे जागोजाग खाल्ले गेले होते. त्यांनी तो फिरवून पाहिला. तो फिरला नाही.

मामंजी असताना हीच पूजा व्हायची, हेच हळदकुंकू. पण तेव्हा दुसऱ्या दिवशी ती पुसली जायची आणि मग वर्षभर शहरातले ऑइलने माखलेले हात त्या लोखंडावरून फिरत राहायचे. त्या हातांनीच तर ती राखली होती.

“मी सांभाळलं म्हणत होते ना गं,” सासूबाई म्हणाल्या. “मीच खाल्लं ह्यांचं.”

गेली दोन-तीन वर्षं मी मनात एक वाक्य घोटून ठेवलं होतं, ‘मी सांगत नव्हते?’ अशा थाटाचं. त्याचा आता काही उपयोग नव्हता. त्या लहान मुलीसारख्या रडत होत्या आणि मला त्यांची इतकी माया आली की मीही जमिनीवर बसून रडले. तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास आला तेव्हा आम्ही दोघी उठलो.

दाक्तरांना मीच बोलावलं. रविवारी सकाळी ते आले तेच दवाखान्यातली बॅग घेऊन. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरली, परातीत रॉकेल ओतलं आणि हत्यारं त्यात बुडवली. मग दाक्तरांनी कपाळाला दिवा बांधला, दात कोरायच्या त्या बारीक वाकड्या सळ्या काढल्या आणि पान्यांच्या खाचेखाचेतला गंज उकरायला लागले. माझा नवरा दारात उभा राहून म्हणाला, “दाक्तर, गुळणी करायला सांगा त्याला.” त्यांनी मान वर केली नाही. पुढचे कितीतरी रविवार हेच चाललं. सासूबाई पहिल्या दिवशी दुरून पाहत होत्या, दुसऱ्या रविवारी चहा घेऊन जवळ बसल्या, आणि तिसऱ्या खेपेला बघते तर पदर खोचून, फडक्याने एकेक पाना पुसून त्यावर ऑइल चोळत होत्या. नखांत काळं गेलेलं त्यांनी कितीतरी दिवस धुतलं नाही असा मला संशय आहे.

बहुतेक हत्यारं वाचली. डाग राहिले, पण कामाला खोट नव्हती. पुलरचं अंगही वाचलं. तो बोल्ट मात्र संपला होता.

“काकी, नवो बोल्ट करावा लागशे,” दाक्तर म्हणाले. “मकरपुऱ्यात एक कारखानावाला आहे, असे जुने आटे पाडून देईल.”

सासूबाईंचा चेहरा पडला. “ह्यांच्या हातचा बोल्ट टाकायचा? मग त्याला ह्यांचा पुलर कसा म्हणायचं?”

आता मात्र माझा धीर सुटला. “आई, तुमच्या तोंडात हे पुढचे दोन दात दाक्तरांनी बसवलेत. म्हणून तुम्ही कोणी दुसऱ्या झालात का?”

दाक्तर दिवा काढून ठेवण्यात गुंतल्यासारखे दिसले. सासूबाईंनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि मग हसू आवरेना तसा पदर तोंडाला लावला, बसवलेल्या दातांवरच. “ने बाबा,” त्या दाक्तरांना म्हणाल्या. “ने आणि कर काय ते.”

नवा बोल्ट बसला. दाक्तरांच्या अंगणात गाडीवरची चादर निघाली. सासूबाई खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या. दाक्तर पुलर चढवून बोल्ट अगदी सावकाश फिरवत होते. थांबत, पुन्हा फिरवत. ‘टक्’ असा एक बारीक आवाज झाला आणि गियर त्यांच्या हातात आलं. सासूबाईंनी नुसते हात जोडले, गियरला की पुलरला की आणखी कोणाला, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी कोपऱ्यावर आवाज आला आणि आमच्याकडे पुन्हा वेळेवर चहाचं आधण चढायला लागलं.

त्यानंतर सासूबाईंनी स्वतःच सांगितलं की हत्यारं पेटीत जाणार नाहीत आणि भिंतीवरही जाणार नाहीत. भिंतीवर ती पुसायची कोणी? आमच्या घरात ना मोटारसायकल उरली होती ना ती उघडणारा माणूस. ज्याला जे लागतं त्याने ते आपल्याजवळ ठेवावं, वापरावं, दुसऱ्याला लागलं तर द्यावं. फक्त कोणतं कुठे आहे ते काकींना ठाऊक असलं पाहिजे, आणि अष्टमीला सगळ्यांनी घरी. जुनी माणसं दाक्तरांनी शोधून आणली. मामलेदार थकले होते, पण त्यांची सून येऊन क्लचची जोखडं घेऊन गेली. सासऱ्यांची गाडी तीच चालवते म्हणाली. सासूबाईंनी तिला दोनदा आत बोलावून चहा पाजला.

पुलर मात्र दाक्तरांकडेच राहील असं सगळ्यांनी धरलं होतं. नवरात्र तोंडावर आली आणि तो बोल्ट करून देणारा मकरपुऱ्याचा कारखानावाला दारात उभा राहिला. त्याच्या वडिलांची तशीच गाडी होती, वडील आजारी होते आणि त्यांना ती एकदा चालू झालेली ऐकायची होती. बोल्ट केला तेव्हापासून त्याच्या मनात हे होतं, पण मागायला तोंड होत नव्हतं. आम्ही त्याला ओळखत होतो ते एवढंच.

दाक्तर तेव्हा आमच्याकडेच बसले होते; सासूबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. दाक्तरांनी पाहिलं छताकडे.

“आठमला आणशील?” सासूबाईंनी त्या कारखानावाल्याला विचारलं.

“आणीश, काकी.”

सासूबाईंनी पुलर दिला. दिला, आणि नंतर चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही हे मी पाहिलं.

अष्टमीला ओसरी पुन्हा भरली. केडियूवाले आले, मामलेदारांची सून आली, चिवडा संपला म्हणून मला नवा करावा लागला. सगळं आलं, पुलर तेवढा आला नाही. गर्दी पांगल्यावर सासूबाई फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना आत बोलावलं नाही. काय बोलले असते? पुलर गेला तर त्या पुन्हा ती पेटी ओढतील आणि या वेळी कोणी ती उघडू शकणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

नवमीला सकाळी दाक्तर आले, रिकाम्या हातांनी पूजेला बसायची त्यांनाच लाज वाटत होती. “काकी, मी स्कूटर काढतो. आत्ता मकरपुऱ्याला जातो आणि घेऊनच येतो. माणूस असा निघेल असं मला—”

“आधी फोन लाव,” सासूबाई म्हणाल्या.

दाक्तरांनी नंबर फिरवून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. पलीकडचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू येत होता, इतका तो घाबरला होता. गियर वर्षानुवर्षं चिकटून बसलं होतं. काल दिवसभर सुटलं नाही म्हणून त्याने पुलर चढवून, बोल्ट ताणावर ठेवून, वरून रॉकेल सोडून ठेवलं होतं. सकाळी ते केसभर सरकलं होतं. काकींनी सांगितलं तर तो आत्ता पुलर उतरवून घेऊन येतो, गाडीचं मग बघू.

सासूबाई ऐकत होत्या. पाटावर तलवार होती, पाने होते, फुलांची परडी होती. खोलीतली सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“ताणावर आहे ना?” त्या म्हणाल्या. “मग हात लावू नको. मधेच उतरवलास तर पुन्हा चिकटेल. शांती राख, थोडी वार लागेल, वेळ जाईल, पण सुटेल ते. ह्यांनी अशी पुष्कळ सोडवलीत.” पलीकडून काहीतरी आलं. “अरे, पूजेचं मी बघते. तुझ्या वडलांना सांग, काकींनी विचारलंय म्हणून.”

त्यांनी फोन ठेवला आणि पाटासमोर येऊन बसल्या. पाणी त्यांनी शिंपडलं नाही, कोरडं हळदकुंकू चिमटीने वाहिलं. एकेका हत्याराला एकेक फूल. तलवारीच्या उजव्या बाजूला, पुलरच्या नेहमीच्या ठिकाणी, पाट उघडा दिसत होता. ते बरं दिसेना, म्हणून मी पुढे वाकले आणि शेजारचा पाना जरा त्या बाजूला सरकवायला गेले.

सासूबाईंनी माझा हात धरला.

“असू दे ती जागा,” त्या म्हणाल्या. “कामावर गेलाय तो.”